पाण्याची वाट आणि पाण्याचा वाटा : सूर्या जलवाहिनी व लोकविचारणेचा इतिहास

डहाणूहून जव्हारकडे जाणारा रस्ता चारोटीपाशी मुंबई–अहमदाबाद महामार्ग ओलांडतो आणि थोड्याच अंतरावर कासा गावात शिरतो. भोवतालच्या पाड्यांचे बाजाराचे, दवाखान्याचे व सरकारी कामकाजाचे हे गाव. याच मुलुखातून सूर्या नदी वाहते. जव्हार–मोखाड्याच्या बाजूच्या डोंगरांतून ती खाली येते व पुढे वैतरणेस मिळते. या प्रदेशात दर पावसाळ्यात २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तथापि खडक काळा व कठीण असल्याने ते पाणी जमिनीत फारसे मुरत नाही. होळी उलटली की पाड्यांवरील विहिरी तळ गाठू लागतात, आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना दूरची वाट धरावी लागते.

अशा प्रदेशातून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी दक्षिणेकडील नगरांस नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आखली. तीच सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना होय. यांपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई–विरार महानगरपालिकेसाठी व २१८ दशलक्ष लिटर मीरा–भाईंदर महानगरपालिकेसाठी नेमून देण्यात आले. कवडास येथील बंधाऱ्यापाशी पाणी उचलावयाचे, सूर्यानगर येथे ते शुद्ध करावयाचे, आणि मेंढवण खिंड व तुंगारेश्वर येथील डोंगर बोगद्यांनी ओलांडून ते दक्षिणेस न्यावयाचे, असा हा आराखडा आहे. वसई–विरारचा पहिला टप्पा २०२३ साली कार्यान्वित झाला.

एवढ्या मोठ्या वाहिनीची आखणी होत असता लोकांस काय विचारले जाते, कोणत्या टप्प्यावर विचारले जाते आणि काय विचारले जात नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. योजना चांगली की वाईट, हा निवाडा येथे अभिप्रेत नाही. सूर्येच्या निमित्ताने विचारणेच्या कायद्यांचा इतिहास तपासला असता एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. ही विचारणा जवळजवळ नेहमीच पाण्याच्या वाटेविषयी झालेली आहे. पाण्याच्या वाट्याविषयी ती क्वचितच झालेली आहे.

१. सूर्या प्रकल्पाचा मूळ हेतू

सूर्या प्रकल्पाची आखणी १९७० नंतरच्या दशकात झाली व धामणी येथील मुख्य धरण १९९० च्या सुमारास पुरे झाले. धामणीच्या जलाशयातून सोडलेले पाणी खालच्या अंगास कवडास येथील बंधाऱ्यात अडवावयाचे आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी शेतीस द्यावयाचे, अशी त्याची रचना. चौदा हजारांहून अधिक हेक्टर जमीन भिजविण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले होते आणि ती जमीन मुख्यत्वे आदिवासी शेतकऱ्यांची होती. एका पावसाळी पिकावर वर्ष काढणाऱ्या आणि उरलेले महिने वीटभट्ट्यांवर, मिठागरांत व वाड्यांत मजुरी शोधणाऱ्या कुटुंबांस दुसरे पीक मिळावे, हा या खर्चाचा सामाजिक आधार होता.

या आधाराचे मोल कळण्यास प्रदेशाचा पूर्वेतिहास ध्यानात घ्यावा लागतो. १९४५ च्या २३ मे रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली शेतकऱ्यांची सभा भरली आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यास तोंड फुटले. जमीनदाराची वेठ व लग्नगडीची पद्धत त्यापूर्वीच्या पिढ्यांनी मुकाट्याने सोसली होती. म्हणजे सूर्येच्या काठचा शेतकरी स्वतःच्या श्रमाचा धनी होऊन उणीपुरी तीन दशके झाली होती, तेव्हा धरणाची आखणी सुरू झाली. अशा माणसाला कालव्याचे पाणी म्हणजे केवळ एक सोय नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यसंस्थेने त्याला दिलेले ते एक वचन होते.

या वचनाला दुसराही पदर होता. महाराष्ट्रात १९७६ पासून प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचे जे अधिनियम झाले, त्यांचे मुख्य तत्त्व असे की, ज्याची जमीन धरणात बुडते त्याला लाभक्षेत्रात पर्यायी जमीन मिळावी. या तत्त्वाप्रमाणे पाणी हे मोबदल्याचेच एक अंग ठरते. कारण कालव्यात पाणी नसेल, तर लाभक्षेत्रातील जमीन आणि इतर कोणतीही जमीन यांत भेद उरत नाही. लाभक्षेत्राचे पाणी दुसरीकडे वळविणे म्हणजे एका अर्थाने आधी दिलेल्या मोबदल्यात फेरफार करणे होय.

पुढे सूर्येच्या पाण्यावर एकामागून एक मागण्या नोंदविल्या गेल्या. तारापूरची औद्योगिक वसाहत, पालघर परिसर आणि वसई–विरारच्या आधीच्या पाणीयोजना या सर्वांनी सूर्येचाच आश्रय घेतला. त्यांत ४०३ दशलक्ष लिटरांची भर पडली. या आकड्याचा अर्थ साध्या गुणाकाराने कळतो. दररोज ४०३ दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाकाठी सुमारे १४७ दशलक्ष घनमीटर. धामणीचा उपयुक्त साठा पावणेतीनशे दशलक्ष घनमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे ही एकच योजना त्या साठ्याच्या निम्म्याहून अधिक आकाराची आहे. पावसाळ्यातील चार महिने नदीच्या वाहत्या पाण्यावर भागतात असे धरले, तरी उरलेल्या आठ महिन्यांची मागणी शंभर दशलक्ष घनमीटरांच्या जवळ जाते. आणि शेतीला पाणी लागते तेही नेमके याच आठ महिन्यांत.

२. नगरांची तहान

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. मुंबईचा विस्तार दूरच्या पाण्याखेरीज झाला नसता. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७, ऊर्ध्व वैतरणा १९७३ आणि मध्य वैतरणा २०१४ ही केवळ तलावांची यादी नाही. पाणी उत्तरेकडे किती दूर शोधावे लागले, त्याचा तो आलेखच आहे. विहार व तुळशी साष्टी बेटावरच होते. तानशापासून पुढे जुन्या ठाणे जिल्ह्याचा डोंगराळ भाग हा महानगराचा पाणोठा बनला. परंतु या जलाशयांचे पाणी मुंबई शहराच्या मालकीचे राहिले. मुंबईच्या वेशीबाहेर वाढलेली वसई, नालासोपारा, विरार, मीरा रोड, भाईंदर ही वस्ती स्वस्त घराच्या शोधात आलेल्या नोकरदारांची व श्रमिकांची होती. तिच्यासाठी कोणी तलाव बांधून ठेवला नव्हता. २०११ च्या जनगणनेत वसई–विरारची लोकसंख्या बारा लाखांवर व मीरा–भाईंदरची आठ लाखांवर गेली होती.

या नगरांच्या तहानेचा भार प्रथम शेजारच्या शेतकऱ्यांवर पडला. १९८० नंतरच्या दशकात वसईच्या हिरव्या पट्ट्यातील विहिरी टँकरवाल्यांनी उपसण्यास आरंभ केला आणि बागायती धोक्यात आल्या. हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन, ज्याच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ते या उपशाविरुद्ध व नियोजित बेसुमार बांधकामाविरुद्धच उभे राहिले. वसईच्या विहिरी वाचाव्यात यासाठी बाहेरून नळाचे पाणी आणणे हा उपाय अनेकांस स्वाभाविक वाटला. त्याचा परिणाम असा झाला की, वसईच्या बागायतदाराचा प्रश्न सत्तर-ऐंशी किलोमीटर उत्तरेकडे सरकला व कासा परिसरातील शेतकऱ्याचा प्रश्न झाला. या दोघांची गाऱ्हाणी एकमेकांविरुद्ध नाहीत. ती एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत. तथापि नियोजनात ही दोन टोके एका बैठकीत कधी समोरासमोर आली नाहीत.

याचे एक कारण प्रशासकीय सीमांत सापडते. योजना राबविणारे प्राधिकरण महानगर प्रदेशापुरते स्थापलेले आहे. योजनेची आखणी झाली तेव्हा वसई त्या प्रदेशात होती, परंतु डहाणू व विक्रमगड हे तालुके त्याच्या बाहेर होते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रादेशिक योजनेचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविण्याची रीत रुजविली. परंतु तिचा रोख योजना-क्षेत्राकडे असतो. पाणी पिणारा नागरिक त्या क्षेत्रात मोडत होता. ज्याच्या उशाचे पाणी न्यावयाचे तो त्या नकाशाच्या कडेबाहेर राहिला.

३. कायद्यातील विचारणा

१८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमात मूळतः जमीनमालकाचा आक्षेप ऐकण्याची तरतूद नव्हती. सरकारने सार्वजनिक हेतू जाहीर केला की मालकाने फक्त किमतीविषयी बोलावयाचे. १९२१ ते १९२४ या काळात मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो याच अधिनियमाच्या छायेत. तो लढा चालू असतानाच, १९२३ साली, अधिनियमात ५-अ हे कलम घालण्यात आले आणि अधिसूचनेपासून तीस दिवसांत हरकत घेण्याचा व कलेक्टरपुढे म्हणणे मांडण्याचा हक्क प्रथम मिळाला. हा हक्क ‘जमिनीत हितसंबंध असलेल्या’ व्यक्तीचा होता. विचारणा जमिनीशी बांधली गेली ती तेथपासून, आणि पुढील जवळजवळ प्रत्येक कायद्याने तीच गाठ घट्ट केली.

पाण्याच्या बाजूने कायदा वेगळ्या दिशेने वाढला. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाने लाभक्षेत्र अधिसूचित करण्याची व कालव्यावरील कारभाराची व्यवस्था लावली. पाण्याची हक्कदारी मोजून देण्याचा विचार २००५ साली आला. त्या वर्षी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा अधिनियम झाला आणि शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांस घनमापाने पाणी देण्याचा दुसरा अधिनियमही झाला. प्राधिकरणाने पाण्याच्या दराविषयी ठिकठिकाणी लोकांची मते ऐकली, ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु शेती, उद्योग व पिण्याचे पाणी यांत वाटणी कशी व्हावी, हा निर्णय प्रत्यक्षात मंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीकडे राहिला. २००३ पासून या समितीने राज्यातील अनेक प्रकल्पांचे सिंचनाचे पाणी बिगर-सिंचनासाठी वळविले. त्यावर वाद उठला तेव्हा २०११ च्या सुधारणेने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार राज्य शासनाकडे ठेवण्यात आला व पूर्वीच्या निर्णयांस संरक्षण देण्यात आले. अशा रीतीने दराविषयी सुनावणी व वाट्याविषयी मंत्रिमंडळ, अशी विभागणी कायम झाली.

डहाणू व तलासरी हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. त्यामुळे १९९६ चा पंचायत विस्तार अधिनियम, ज्याला सर्वत्र ‘पेसा’ म्हणतात, येथे लागू आहे. त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ साली निघाले. या अधिनियमाने विकासप्रकल्पासाठी जमीन संपादण्यापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी विचारविनिमय करणे आवश्यक ठरविले आणि लघु जलाशयांचे नियोजन पंचायतीकडे सोपविले. ‘लघु’ या एका शब्दाने मोठे अंतर पडले. गावतळ्याविषयी गावाने ठरवावे. धामणीविषयी ठरविण्याचे स्थान त्या अधिनियमात कोठेच नाही.

वनहक्क अधिनियमातील विसंगती अधिक बोलकी आहे. २००६ च्या या अधिनियमाप्रमाणे एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावाच्या सोयीसाठी वळवावयाची असेल, तर ग्रामसभेची शिफारस लागते. या सोयींच्या यादीत पिण्याच्या पाण्याचा पुरवठा व जलवाहिनी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने ग्रामसभेची संमती आवश्यक केली. परंतु ५ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याच मंत्रालयाने रस्ते, कालवे, जलवाहिन्या, वीजवाहिन्या अशा अनेक गावांतून रेषेसारख्या जाणाऱ्या प्रकल्पांस या संमतीतून सूट दिली. आदिम जमातींचे मान्य हक्क बाधित होत असतील तेवढा अपवाद ठेवला. याचा व्यवहारातील अर्थ असा की, पाड्यावर नळ आणण्यासाठी वनजमिनीतून छोटी वाहिनी टाकावयाची तर ग्रामसभेची शिफारस हवी. त्याच पाड्यावरून कोट्यवधी लिटर पाणी दूर नेणारी वाहिनी टाकावयाची तर बहुतेक ठिकाणी तिच्या संमतीचे कारण नाही.

पर्यावरणाच्या कायद्यातही हेच दिसते. २००६ च्या अधिसूचनेने अनेक प्रकारच्या प्रकल्पांस जनसुनावणी लागू केली, पण पिण्याच्या पाण्याची वाहिनी त्या यादीत नाही. २०१३ च्या भूमिसंपादन अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीपर्यंत मजल मारली, हे त्याचे मोठेपण. तथापि महामार्गाच्या कडेने, वनजमिनीतून व बोगद्यांतून जाणाऱ्या वाहिनीला खासगी जमीन तुलनेने थोडी लागते, आणि जमीन लागत नसेल तर तो अधिनियम बोलतच नाही.

४. डहाणूचा अनुभव व बाहेरचे दाखले

डहाणू तालुक्याला विचारणेची परंपराच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले व न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद भूषविले. १९९८ साली या प्राधिकरणाने वाढवण येथील तत्कालीन बंदराच्या प्रस्तावास अनुमती नाकारली. मच्छीमार, बागायतदार व आदिवासी यांचे म्हणणे ऐकून मूळ प्रश्नावरच, म्हणजे प्रकल्प व्हावा की नाही यावर, निर्णय देता येतो, हे त्या प्रसंगी दिसून आले. सूर्येच्या पाण्यासाठी सूर्या पाणी बचाव संघर्ष समिती उभी राहिली, तिचा आग्रहही मूळ प्रश्नाविषयीच होता. वाहिनी कोणत्या अंगाने न्यावी हा तिचा मुद्दा नव्हता. सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी कोणाचे, हा होता.

परदेशांतील दोन दाखले येथे उपयोगी पडतात. इंग्लंडात मँचेस्टर नगराने थर्लमिअर सरोवराचे पाणी सुमारे ९६ मैलांवरून आणण्याचे ठरविले, तेव्हा त्यास पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागला. समितीपुढे विरोधकांच्या साक्षी झाल्या, नगराला खरोखर किती पाणी लागते याची उलटतपासणी झाली, आणि १८७९ चा कायदा होताना वाटेवरील वस्त्यांनाही पाणी मिळावे अशी अट पुढे आली. १८९४ साली ते पाणी मँचेस्टरला पोचले. दोनच वर्षे आधी तानशाचे पाणी मुंबईत आले होते. एकाच साम्राज्यात, एकाच दशकात, दोन नगरांनी दूरचे पाणी आणले. एका ठिकाणी नगराच्या मागणीचीच झडती घेण्याची जागा कायद्याने ठेवली होती, दुसऱ्या ठिकाणी प्रजा वसाहतीची असल्याने तशी जागाच नव्हती. ती जागा स्वातंत्र्यानंतरही पुरती निर्माण झाली नाही, हे नमूद करावे लागते.

दुसरा दाखला न्यूयॉर्कचा. त्या नगराचे जलाशय दूरच्या डोंगराळ भागात आहेत आणि ते बांधताना तेथील गावे उठविली गेली होती. १९९७ साली नगर, राज्य व पाणलोटातील गावे यांच्यात करार झाला. पाण्याची शुद्धता राखण्यासाठी गावांवर येणाऱ्या बंधनांच्या मोबदल्यात नगराने त्या भागासाठी खर्च करावयाचा, असे त्यात ठरले. हा करार उशिरा झाला व तो सर्वांस समाधानकारक होता असेही नाही. परंतु पाणी देणारा व घेणारा हे दोन पक्ष आहेत, ही गोष्ट त्यात प्रथम मान्य झाली.

५. निष्कर्ष

पिण्याच्या पाण्यास पहिला प्राधान्यक्रम असावा, याविषयी राज्याच्या जलनीतीत दुमत नाही व असूही नये. मात्र या प्राधान्याचा अर्थ लावताना एक विसर पडतो. डहाणू तालुक्याची लोकसंख्या २०११ साली चार लाखांच्या आसपास होती व तलासरीची दीड लाखावर. या लोकांनाही पिण्याचे पाणी लागते. नगराचे पिणे आणि पाड्याचे पिणे एकाच प्राधान्यात मोडते. तेव्हा प्रश्न पिण्याचे पाणी विरुद्ध शेती एवढाच नसून, कोणाचे पिणे आधी मोजले गेले, असाही आहे.

वर पाहिलेल्या कायद्यांच्या क्रमातून असे निष्पन्न होते की, १९२३ पासून २०१३ पर्यंत विचारणेचा परीघ खरोखर वाढला. आक्षेपापासून सुनावणीपर्यंत, सुनावणीपासून संमतीपर्यंत तो आला. पण तो जमिनीभोवती वाढला. पाण्याच्या वाटपाचा निर्णय आधी बंद दालनात होतो, त्यावर आराखडा तयार होतो, निविदा निघतात, आणि मग वाहिनी ज्या शेताच्या बांधावरून जाते त्या शेतकऱ्याला हरकत आहे काय, असे विचारले जाते. तोवर उत्तर काहीही आले तरी पाण्याच्या वाट्यात फरक पडत नाही. म्हणून वाहिनीच्या आखणीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाने आरंभ खोदकामापासून न करता वाटपाच्या निर्णयापासून करावयास हवा. आणि लाभक्षेत्रातील ग्रामसभांपुढे मांडावयाचा प्रश्नही वाटपापूर्वीचा, आकड्यांसह व पर्यायांसह असावयास हवा. धरणात किती पाणी, नगराला किती, वाटेवरील गावांना किती, कालव्याला किती उरते व तुटीच्या वर्षी प्रथम कोणाचे कमी व्हावयाचे, हे पाच आकडे एका कागदावर लिहून चावडीवर वाचून दाखविणे अवघड नाही.

कवडासच्या बंधाऱ्यापासून आज पाण्याच्या दोन वाटा निघतात. एक उघड्या कालव्याची, शेतांकडे जाणारी. दुसरी झाकलेल्या नळाची, नगरांकडे जाणारी. उघड्या कालव्यातील पाणी कमी झाले तर ते सर्वांस दिसते, पण त्याविषयी बोलण्याची जागा शेतकऱ्याला नाही. झाकलेल्या नळातील पाणी कोठून व कोणाच्या वाट्याचे आले, हे नगरातील नागरिकास दिसत नाही, आणि ते त्याला कोणी सांगितलेलेही नाही. सूर्येच्या बाबतीत ज्यांची विचारणा राहून गेली, त्यांत या नागरिकाचीही गणना केली पाहिजे.